हे पत्र पोचणार कुणाला?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्या घराचा पूर्ण पत्ता, अगदी पिनकोडसकट, तुम्हांला तोंडपाठ आहे का? ज्यांना येतो त्यांनी हात वर करा. मला इथून दिसत नाही म्हणून खोटा हात वर करायचा नाही हं!

मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. माझा वर्ग चौथीचा, पट एकतीस. गेल्या वर्षी जानेवारीत मी पत्रलेखन शिकवत होते. फळ्यावर नमुना लिहून दिला होता. उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख, मग 'तीर्थरूप मामांस, साष्टांग नमस्कार', मग 'मी इकडे खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असाल' आणि शेवटी 'आपला भाचा' किंवा 'आपली भाची'. एकतीस वह्यांत एकतीस सारखी पत्रं उतरत होती. ज्यांना मामाच नाही त्यांनीसुद्धा मामालाच खुशाली कळवली होती!

तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी हा फारसा बोलत नाही. म्हणाला, "बाई, हे पत्र पोचणार कुणाला?"

सगळा वर्ग खो खो हसला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण खरं उत्तर असं होतं की, ते पत्र कुणालाच पोचणार नव्हतं. ते फार तर माझ्या लाल पेनापर्यंत पोचणार होतं. मी त्याच्यावर बरोबरची खूण करणार, नाहीतर 'अक्षर सुधार' असा शेरा मारणार आणि वही मिटणार. माझ्या वर्गातल्या मुलांनी पत्र लिहिलं होतं, पण एकानंही पत्र पाठवलं नव्हतं. आणि बहुतेकांच्या घरी कधी पत्र आलंही नव्हतं. यायची ती विजेची बिलं आणि बँकेची पाकिटं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाटातून एक पत्र बाहेर काढलं. ते माझ्याजवळ का आहे, आणि असं एकच का आहे, ते तुम्हांला सांगते.

माझं माहेर प्रयाग चिखली. कोल्हापुराहून पाच-सहा किलोमीटरवर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी एकत्र येतं आणि पंचगंगा तयार होते, तिथलं हे गाव. माझे वडील सैन्यात होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांच्या पत्रावर ते कुठल्या गावी आहेत ते कधीच नसायचं. नुसतं 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' असायचं. ए.पी.ओ. म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस. सैनिक नेमका कुठे आहे ते बाहेर कळू नये म्हणून ही युक्ती. लहानपणी मला वाटायचं, छप्पन ए.पी.ओ. हे एखाद्या गावाचंच नाव आहे आणि तिथे सगळ्यांचे वडील राहतात!

आबांचं अक्षर मोठं टपोरं. ते शाईच्या पेनानं लिहीत. १९९९ साली फेब्रुवारीत रजेवर आले, तेव्हा त्यांनी मला एक शाईचं पेन आणलं. हिरव्या रंगाचं, सोनेरी टोपणाचं. आमच्या वेळी चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीत गेलं की शाईचं पेन, असा नेम होता. बॉलपेनानं अक्षर बिघडतं म्हणून शाळेत ते चालत नसे. त्यामुळे पाचवीत जाणं म्हणजे आम्हांला मोठं झाल्यासारखंच वाटायचं. आबा जाताना म्हणाले, "जूनमध्ये शाळा सुरू झाली की या पेनानं पहिलं पत्र मला लिवायचं. कबूल?" मी मान हलवली.

जून आला. मी पाचवीत गेले. पण शाईचं पेन म्हणजे काही सोपं काम नव्हे! ड्रॉपरनं शाई भरताना अर्धी बोटांवर. पेन चाललं नाही म्हणून झाडलं की पुढच्या मुलीच्या पांढऱ्या ब्लाउजवर निळे ठिपके. डाग पडला की टिपायला खडू, आणि खडूनं टिपताना तो आणखी पसरायचा. माझी वही म्हणजे पावसाळ्यातलं अंगण झालं होतं. एके दिवशी वर्गात सगळ्यांच्या देखत माझी वही वर धरून दाखवण्यात आली. "बघा, कोंबडी चालून गेल्यागत अक्षर!" सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाऊन रडले.

त्या रात्री मी आबांना पत्र लिहायला बसले. एक इनलँड लिहिलं, डाग पडला, फाडलं. दुसरं लिहिलं, ओळ वाकडी गेली, फाडलं. आई म्हणाली, "अगं, पैसे पडतात त्याला." मग मी लिहायचंच सोडून दिलं. इतकं घाण अक्षर आबांना कसं दाखवायचं?

पण मुलांनो, १९९९ चा जून महिना साधा नव्हता. कारगिलचं युद्ध सुरू होतं. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की आमच्या घरात कुणी जेवत नसे. आमच्याकडे फोन नव्हता. गावात एक एस.टी.डी. बूथ होतं, पण आबांना कुठे फोन करणार? आई रोज दुपारी भांडी घासताना रस्त्याकडे बघायची. पोस्टमनची सायकल आमच्या दाराशी न थांबता पुढे गेली की ती भांडं जोरात आपटायची. एकदा सायकल थांबली. आबांचं पत्र होतं. पण वरचं अक्षर वेगळंच वाटलं. आईचे हात थरथरायला लागले. मीच ते फोडलं.

अक्षर आबांचंच होतं, पण बॉलपेनानं लिहिलेलं, म्हणून बारीक आणि किरटं दिसत होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'इथे उंचावर माझं शाईचं पेन गळायला लागलं. खिसा निळा झाला. म्हणून दुसऱ्याचं बॉलपेन मागून घेतलं आहे.' मग आईसाठी चार ओळी. आणि शेवटी माझ्यासाठी: 'तुझं पत्र आलं नाही. डाग पडतात म्हणून लिहीत नसशील तर तसं करू नको. इथे अक्षराला मार्क देणारं कुणी नाही. वाट बघणारा मात्र एक आहे.'

मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. त्यात तीन मोठे डाग होते. एका डागाला मी पाय काढले आणि खाली 'ही आपली कपिली गाय' असं लिहिलं. दिवाळीच्या सुमाराला आबा सुखरूप रजेवर आले, तेव्हा ते पत्र त्यांच्या पाकिटात होतं. घडीवर घडी पडून त्याचे कोपरे झिजले होते.

आता इथेच एक गोष्ट कबूल करते. 'पूर्वीची पत्रंच चांगली आणि आताचे फोन वाईट' असं मी मुळीच म्हणणार नाही. त्या दोन महिन्यांत आईला आबांचा एक फोन आला असता, तर तिला किती रात्री झोप लागली असती! वाट बघण्यात गोडी असते असं पुस्तकात वाचायला बरं वाटतं. ज्यानं खरी वाट बघितलीय, त्याला विचारा.

पुढे आबा निवृत्त झाले. त्यांची सगळी पत्रं आईनं एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. मग ऑगस्ट २०१९ मधला महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. चिखलीतल्या लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. आई-आबा माझ्याकडे कोल्हापुरात आले. पाणी ओसरल्यावर आम्ही घरी गेलो आणि ती पेटी उघडली. आत निळं पाणी होतं.

शंभरेक पत्रं असतील. आम्ही ती एकेक सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. कागद पुष्कळसे टिकले. त्यांच्यावर छापलेलं सगळं टिकलं. पोस्टाचे काळे शिक्केसुद्धा टिकले. पण आबांचं अक्षर धुऊन गेलं होतं. नुसते फिकट निळे ढग उरले होते. वाचता येत होतं असं एकच पत्र निघालं. ते बॉलपेनचं होतं.

मला रडू आवरेना. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "जाऊ दे गं. पोचायची तवा पोचली हुती की."

असं का झालं असेल? आपण जरा शास्त्रात डोकावू या.

शाईच्या पेनाच्या निबला मधोमध एक बारीक चीर असते. खाली काळी जीभ असते, तिलाही केसासारख्या बारीक खाचा असतात. अशा अरुंद जागेतून पातळ पदार्थ आपोआप ओढला जातो. याला केशाकर्षण म्हणतात. टॉवेलचं एक टोक बादलीत बुडालं की पाणी हळूहळू वर चढतं ना, तोच प्रकार. खडूनं शाई टिपली जाते तीही याच कारणानं. मात्र शाई बाहेर आली की तिच्या जागी तेवढीच हवा आत जायला हवी, नाहीतर पेन अडतं. आणि फार सुटलं तर भदाभदा डाग! हा मेळ घालता घालता पूर्वीच्या कारागिरांच्या नाकी नऊ आले. अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अशा पेनाचं पेटंट घेतलं, आणि शाईचं पेन खऱ्या अर्थानं खिशात बसण्याजोगं झालं. आबांचं पेन उंचावर का गळलं, तेही आता कळेल. डोंगरावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. पेनाच्या पोटातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते.

शाईच्या पेनाची नेहमीची निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. म्हणून ती सहज वाहते, आणि म्हणूनच पाण्यात धुऊनही जाते. बॉलपेनची शाई घट्ट आणि तेलकट असते. लास्लो बिरो नावाच्या हंगेरीच्या पत्रकारानं १९३८ मध्ये या पेनाचं पेटंट घेतलं. टोकाला एक छोटीशी गोळी, ती फिरते आणि शाई कागदावर घेऊन येते. ना ड्रॉपर, ना डाग. पाणी पडलं तरी अक्षर सहसा हलत नाही. ज्या बॉलपेनाला आम्ही शाळेत नाकं मुरडली, त्यानंच आबांचं एक पत्र माझ्यासाठी राखून ठेवलं!

आपल्या महाराष्ट्रातसुद्धा शाईचा एक मोठा इतिहास आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर यांनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या तयार करायला सुरुवात केली. वडी पाण्यात टाकायची की झाली शाई. त्यांची 'कॅमल' शाई पुढे घराघरात पोचली. तुमच्या कंपासपेटीवर जे 'कॅमलिन' हे नाव दिसतं, ते तिथूनच आलेलं आहे.

आणि त्याच्याही आधी? आपल्या कोल्हापुरात सरकारी पुरालेखागार आहे. तिथे जुन्या करवीर संस्थानाची मोडी लिपीतली कागदपत्रं जपून ठेवली आहेत. ती बोरूनं लिहिलेली. बोरू म्हणजे तासून टोक काढलेली वेताची किंवा बांबूची काडी. मोडी लिहिताना आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायची. शाई असायची काजळाची. काजळ म्हणजे कार्बन. उजेडानं त्याचा काळा रंग उडत नाही. त्यामुळे शेकडो वर्षांपूर्वी कुणी कुणाला काय लिहिलं, ते आजही जाणकारांना वाचता येतं.

आता पुन्हा माझ्या वर्गात चला. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाताना पोस्टात गेले आणि एकतीस पोस्टकार्डं घेतली. एक कार्ड पन्नास पैशांना. म्हणजे एकतीस कार्डांचे किती झाले? बरोबर, साडेपंधरा रुपये! आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झालं, आणि आजही एवढ्या थोड्या पैशांत ते कोल्हापुरातून थेट आसामात जातं. मी वर्गात सांगितलं, "आज फळ्यावर नमुना नाही. ज्याला खरंच काही सांगायचंय, त्यालाच लिहायचं. आणि हे पत्र आपण खरोखर टाकणार आहोत."

आणि मग खरी गंमत झाली. पत्ताच कुणाला येईना! एकानं लिहिलं, 'रंकाळ्याजवळ, वडापावच्या गाड्याच्या मागं.' एकीनं लिहिलं, 'मावशी, इचलकरंजी.' झालं! मी म्हटलं, "अगं, इचलकरंजीत मावश्या किती असतील?" मग त्या दिवशी गणिताचा तास गेला आणि पत्त्याचाच तास झाला.

पिनकोडची गोष्ट तुम्हांलाही सांगते, कारण ती एका मराठी माणसाची आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. आपल्या देशात एकाच नावाची गावं ढीगभर. मावळातलं वडगाव वेगळं आणि आपलं पेठवडगाव वेगळं. शिवाय पत्ते कुठल्याही भाषेत आणि कसल्याही अक्षरात. मग टपाल वाटणाऱ्यांनी करायचं काय? वेलणकरांनी सहा आकड्यांची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्राचा पिनकोड ४ नं सुरू होतो. पहिले तीन आकडे मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा कळतो. कोल्हापूर भागाचे ते ४१६. शेवटचे तीन आकडे नेमकं पोस्ट सांगतात. आणि सैन्याच्या टपालाचा पिनकोड ९ नं सुरू होतो. म्हणजे 'छप्पन ए.पी.ओ.' हे गाव नसलं, तरी त्याला स्वतःचा आकडा आहे, हे मला मोठेपणी कळलं!

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आई-वडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेले. साखर कारखान्याचा हंगाम संपला की ती परत जाणार. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, माझ्या आज्जीला वाचाया येत नाही. मग लिहू का नको?" मी म्हटलं, "लिही. पोस्टमनकाकांना सांग वाचून दाखवायला." तिनं पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलं, 'पोस्टमनकाका, हे पत्र मोठ्यानं वाचा. आज्जीला कमी ऐकू येतं.'

सगळ्यांचं लिहून झालं. शेवटच्या बाकावरचं कार्ड मात्र कोरंच होतं. प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलाचं! मी विचारलं, "का रे? पाठवायला कुणी नाही का?" तो म्हणाला, "दादा हाय पुण्यात. हाटेलात कामाला." "मग?" तो काहीच बोलेना. खाली मान घालून त्यानं वही पुढे सरकवली. मी वही चाळली. पानापानावर लाल पेनानं लिहिलं होतं, 'अक्षर सुधार', 'अक्षर नीट काढ', 'पुन्हा लिही'. ते माझंच अक्षर होतं. चांगलं वळणदार, टपोरं.

मुलांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. 'कोंबडी चालून गेल्यागत' हे शब्द मी पंचवीस वर्षं विसरले नव्हते, आणि तरी मी दुसरं काय करत होते? मी पिशवीतून आबांचं पत्र काढलं. पुराचे डाग पडलेलं, चुरगळलेलं. त्याच्या शेजारी बसून शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या. 'इथे अक्षराला मार्क देणारं कुणी नाही. वाट बघणारा मात्र एक आहे.' त्यानं विचारलं, "मग तुमी लिवलं?" मी म्हटलं, "लिहिलं. तीन डाग पडले होते." तो पहिल्यांदाच हसला. मग पेन घेऊन त्यानं लिहायला सुरुवात केली. मी मुद्दामच दुसरीकडे बघत राहिले. काय लिहिलं ते मी वाचलं नाही. ते पत्र मला नव्हतंच!

मधल्या सुट्टीत आम्ही सगळे रांगेनं लाल पेटीपाशी गेलो. एकेकानं आपल्या हातानं कार्ड आत टाकलं. टाकल्यावर प्रत्येक जण फटीतून आत डोकावून बघत होता, जणू काही पत्र लगेच निघालंच!

मग सुरू झाली वाट बघण्याची गंमत. "बाई, आलं का?" "बाई, पोचलं का?" आठवडा गेला. आणि मग एकेक उत्तर यायला लागलं. काहींना पत्रानं, काहींना फोनवर. मावशीनं उलट कार्ड पाठवलं. एका आजोबांनी जुन्या दौतीतून शाई भरून चार ओळी लिहिल्या. बीडहूनही कार्ड आलं. अक्षर कुणा दुसऱ्याचं होतं. त्यात लिहिलं होतं, 'तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. आता उशाखाली ठेवलं आहे.' खाली आज्जीच्या अंगठ्याचा निळा ठसा होता. सगळी मुलं त्या ठशाभोवती गोळा झाली. एक जण म्हणाला, "आज्जीचं अक्षर लई भारी हाय!"

पुण्याचं उत्तर काही आलं नाही. मला मनातून काळजी वाटत होती. दहाव्या दिवशी तो मुलगा धावतच वर्गात आला. "बाई, दादाचा फोन आलता! म्हणला, कार्ड बघताच वळखलं, तूच हाईस. 'ळ' अजून उलटाच काढतोस काय रं!" हे सांगताना त्याची छाती फुगली होती. बघा हं, ज्या 'ळ'साठी मी त्याला पुन्हा पुन्हा लिहायला लावलं, त्याच 'ळ'वरून त्याच्या दादानं त्याला ओळखलं होतं.

तेव्हापासून मी वहीवर 'अक्षर सुधार' असा शेरा मारत नाही. वाचता आलं नाही तर शेजारी बसून विचारते, "हे काय लिहिलंयस रे?" अक्षर सुवाच्य असावंच. समोरच्याला वाचता यायला हवं, एवढ्याचसाठी. पण अक्षर सुंदर होईपर्यंत लिहायचं थांबायचं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, आता पत्रं लिहितंच कोण? खरं आहे. काळ बदलतो. आपली तार १५ जुलै २०१३ ला बंद झाली. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. डेन्मार्क नावाच्या देशात तर टपालाची चारशे वर्षांची परंपरा होती, पण तिथल्या सरकारी टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीस पत्रं वाटायचंच बंद केलं. आपल्याकडे मात्र दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि खेड्यापाड्यांत पोस्टमन अजून जातो. टपाल खातं 'ढाई आखर' नावाची पत्रलेखन स्पर्धाही घेतं. तुम्हांलाही तिच्यात भाग घेता येईल.

शिवाय पत्रात जे मावतं ते फोनवर नेहमी मावत नाही. पंडित नेहरूंनी १९२८ साली मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पत्रांतून सगळ्या पृथ्वीची गोष्ट सांगितली. साने गुरुजींनी आपल्या पुतणीला, सुधाला, लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' या नावानं आजही मुलं वाचतात. ही पत्रं एकेका मुलीसाठी लिहिलेली होती. पण ती खरी होती, म्हणून सगळ्यांची झाली.

तर आता तुमच्यासाठी गृहपाठ. घाबरू नका, याला मार्क नाहीत! आज घरी जाऊन आईला किंवा बाबांना आपला पूर्ण पत्ता विचारा आणि पाठ करा. मग पन्नास पैशांचं एक कार्ड आणा. शाईचं पेन असेल तर उत्तमच, हात निळे करून घ्या. पेन महाग हवं असं नाही. नसेल तर बॉलपेन घ्या, पेन्सिलही चालेल. पावसाळ्यात लिहीत असाल तर पत्ता मात्र बॉलपेनानंच लिहा. का, ते आता तुम्हांला ठाऊक आहे! आणि अशा एखाद्या माणसाला लिहा, ज्याच्या दाराशी पोस्टमन बरेच दिवस थांबलेला नाही. काय लिहू असा प्रश्न पडला, तर आज घरात काय शिजलं ते लिहा. तेवढंही पुरतं.

गेल्या महिन्यात मी आबांना पत्र लिहिलं. चिखली इथून पाच-सहा किलोमीटर. रविवारी मी जाणारच होते. तरी पोस्टातूनच पाठवलं. रविवारी गेले तेव्हा आबा उंबऱ्यावर बसून ते वाचत होते. चष्मा वर करून म्हणाले, "अक्षर सुधारलं की गं तुझं!"

मग थोडं थांबून म्हणाले, "पर ती डागाची गाय कुठं गेली?"

पुढच्या पत्रात ती गाय काढायची, असं मी ठरवलं आहे.